मिठाला पाणी सुटतं तेव्हा

घोडेगावच्या पेठेत आमच्या आजोबांचं किराणा दुकान होतं. गूळ, तेल, डाळी आत आणि मिठाची पोती बाहेर ओट्यावर. मीठ आत ठेवलं की जमीन ओलावते, तागडीच्या साखळ्या गंजतात, भिंतीचा गिलावा फुगतो. म्हणून मिठाची जागा बाहेर. रात्रीसुद्धा ती पोती तशीच असत. मीठ कुणी चोरत नाही, असं आजोबा म्हणायचे, आणि आमचं कधी चोरीला गेलं नाही.

वैशाख सरत आला की आजी रोज सकाळी ओट्यावर यायची, उघड्या पोत्यात हात घालायची आणि मूठभर खडे चोळून बघायची. उन्हाळाभर ते कोरडे, खडखडीत असत. मग एखाद्या सकाळी तिच्या तळहाताला ओल लागायची आणि गोणपाटाच्या बुडाशी काळपट डाग दिसायचा. "मिठाला पाणी सुटलं रे, गोवऱ्या आत घ्या!" ती माजघरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडायची. आभाळ अजून निळंच असायचं. आठवडाभरात, कधी दहा-बारा दिवसांत, भीमाशंकरच्या अंगाने ढग चढत यायचे.

मी दुकानात बसलो नाही. १९७८ साली महसूल खात्यात कारकून म्हणून लागलो आणि पुढे बरीच वर्षं तालुक्याचा पाऊस लिहिला. कचेरीच्या आवारात पर्जन्यमापक होतं. सकाळी साडेआठला झाकण काढायचं, बाटलीतलं पाणी मापात ओतायचं, डोळा पाण्याच्या पातळीला आणून आकडा वाचायचा आणि नोंदवहीत चढवायचा. एक वर्ष मी आजीचं मीठही त्याच वहीच्या मागच्या पानावर लिहिलं. मीठ ओलं झाल्याची तारीख आणि पहिल्या पावसाची तारीख, शेजारीशेजारी. वरिष्ठांना ते पान दाखवायचं धाडस झालं नाही. पण माझ्या डोक्यात जो प्रश्न शिरला तो तिथून शिरला आणि निवृत्तीनंतरही गेला नाही. ढगाचा आणि मिठाचा संबंध काय?

उत्तर निम्मं सोपं आहे. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मिठाचा खडा हवेतली वाफ ओढून घेतो आणि स्वतःच त्या पाण्यात विरघळू लागतो. मे महिन्यात घोडेगावची दुपार कोरडी ठणठणीत असते. समुद्रावरचा पश्चिमेचा वारा घाट ओलांडून आत यायला लागला की प्रथम मिठाला कळतं. आजीच्या पोत्यात जे होत होतं तेच, डोळ्यांना न दिसणाऱ्या आकाराच्या मीठकणावर, आभाळात होत असतं. नुसत्या वाफेला थेंब बनता येत नाही, तिला बसायला कुठलातरी पाट लागतो. धूळ, धूर, मीठ, गंधकाचे क्षार, असा कुठलाही सूक्ष्म कण चालतो. हवेत तरंगणाऱ्या अशा कणांना एरोसोल म्हणतात. ते नसते तर हवेत आजच्यापेक्षा कितीतरी पट वाफ कोंबावी लागली असती, तेव्हा कुठे ढग धरला असता.

उरलेलं निम्मं उत्तर शोधायला मला आधी मिठाची वाट धरावी लागली.

माझ्या लहानपणी मीठ ट्रकने यायचं, पुणे-नाशिक रस्त्याने मंचरला आणि तिथून घोडेगावला. आजोबांच्या लहानपणी ते माणसांच्या डोक्यावरून यायचं. उरण, पेण, पनवेलच्या मिठागरांतलं मीठ मुरबाडच्या बाजारपेठेत आणि म्हशाच्या जत्रेत मिळे. आमच्या तालुक्याच्या पश्चिम टोकाला आहुपे आहे, अगदी कड्यावरचं गाव. तिथून आहुपे घाट कोकणात खोपिवलीला उतरतो. दिवाळीनंतर वाट सुकली की आहुप्याकडचे महादेव कोळी तांदूळ, हिरडा, तूप घेऊन खाली उतरत आणि मीठ, सुकट, बोंबील घेऊन वर येत. वर्षाचं मीठ पावसाळ्याआधी घरात पडायला हवं, कारण आषाढात घाट बंद. डांगाणातल्या, म्हणजे त्या डोंगराळ पट्ट्यातल्या, घरांत चुलीच्या वर, धुराच्या तोंडी, मिठाचं मडकं टांगलेलं असे. उबेला ते कोरडं राही. आजोबांनी त्या ओझेकऱ्यांच्या वाटा पाहिल्या होत्या. वजन पायलीत नाही, दमात मोजायचे, असं ते सांगत. अमुक खडकापर्यंत एक दम, पुढच्या टाक्यापर्यंत दुसरा.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर नाणेघाटात दोन हजार वर्षं चालली. सोपारा-कल्याणहून माल जुन्नरला येई तो याच घाटाने. घाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात पडत असं लोक सांगतात. शेजारच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञांची नावं आहेत, दक्षिणा म्हणून दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापणांचे आकडे आहेत. देशातल्या अंकचिन्हांच्या सर्वात जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. मिठाचा उल्लेख नाही. दगडावर कोरावं इतकी त्याची प्रतिष्ठा कधी नव्हती, आणि त्यावाचून राणीचंही जेवण झालं नसेल.

या लेखाकडे युरोपीय अभ्यासकांचं लक्ष वेधलं ते विल्यम साइक्स नावाच्या कंपनी सरकारच्या लष्करी अधिकाऱ्याने, १८२८ च्या उन्हाळ्यात. साइक्सचं नाव आमच्याकडे नाणेघाटापुरतं घेतलं जातं आणि तिथेच सोडलं जातं. मला तो दुसऱ्याच कारणासाठी जवळचा वाटतो. मुंबई सरकारने त्याला दख्खनच्या पाहणीसाठी आकडेवारी गोळा करायला नेमलं होतं. गावोगाव तंबू ठोकत फिरताना तो वायुभारमापक, तापमापक बरोबर बाळगायचा आणि रोज ठरल्या वेळी वाचायचा. ते सगळं त्याने १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात दख्खनच्या हवामानावरच्या दीर्घ निबंधात छापलं. आमच्या भागाचा पाऊस, धुकं, वारा आकड्यांत मांडणाऱ्या अगदी पहिल्या माणसांतला तो. मी पाऊस लिहिणारा कारकून, म्हणून हा माणूस मला माझ्याच खात्यातला वाटतो.

त्या निबंधात हरिश्चंद्रगडावरची एक नोंद आहे. कोकणातून धुक्याची भिंत कड्यापर्यंत वर येई आणि माथ्यावर न सांडता तिथेच उभी राही. साइक्स सकाळी कड्याच्या टोकावर उभा राहिला. पाठीशी कोवळा सूर्य, समोर धुकं. आणि धुक्यात पूर्ण गोल, लखलखीत रंगांचं वर्तुळ, त्याच्या मधोमध त्याची, त्याच्या घोड्याची आणि बरोबरच्या माणसांची सावली. आपल्याकडे याला इंद्रवज्र म्हणतात. जुन्नर तालुक्यातल्या खिरेश्वरवरून गड चढून कोकणकड्यावर जाणाऱ्या मंडळींना भाद्रपद-आश्विनात ते दिसतं, नशीब असेल तर.

मला पहिल्यांदा दिसलं १९९१ साली. सकाळचे साडेसात झाले असतील. आम्ही चौघं कड्यावर पालथे पडून खाली बघत होतो. ढग वर आला, आमच्या सावल्या त्याच्यावर पडल्या आणि माझ्या डोक्याभोवती कडं उमटलं, बाहेरून तांबडं, आत निळसर. मी ओरडलो, "माझ्या डोक्याभोवती बघा!" बाकीचे तिघंही तेच ओरडत होते, प्रत्येकाला फक्त आपल्याच डोक्याभोवती दिसत होतं. त्यात जागेचा दोष नव्हता, प्रकाशाचा नियमच तसा आहे. ढगाच्या थेंबात शिरलेला प्रकाश जवळजवळ उलट्या पावली परत येतो, त्यामुळे प्रत्येकाच्या डोळ्याला त्याचं त्याचं कडं मिळतं.

पण त्या कड्यात आणखी एक गोष्ट लिहिलेली असते. थेंब जितके बारीक तितकं कडं मोठं, थेंब जाड तितकं कडं लहान. थेंब निरनिराळ्या आकारांचे असतील तर रंग पुसट होतात, सगळे सारखे असतील तर रंग स्वच्छ दिसतात. म्हणजे इंद्रवज्र ही ढगाची मोजपट्टी आहे. विमानांतून आणि उपग्रहांवरून शास्त्रज्ञ आजही हे कडं पाहून थेंबांचा आकार काढतात. साइक्सने कड्याचा व्यास फुटांत अंदाजला, आणि मला त्याची चुटपुट लागते. कडं किती दूर आहे हे ठरवताच येत नाही, त्यामुळे फुटांना अर्थ राहत नाही. त्याने कोन लिहिला असता, नुसतं हात लांब करून बोटांनी मापलं असतं, तर जवळपास दोनशे वर्षांपूर्वीच्या सह्याद्रीच्या ढगातला थेंब केवढा होता हे आज आपल्याला सांगता आलं असतं.

हे महत्त्वाचं का, तर थेंब केवढा हे खाली हवेत किती कण आहेत यावर ठरतं. ढगाला मिळणारं पाणी ठरलेलं असतं. कण शंभर असतील तर ते शंभरांत वाटलं जातं, हजार असतील तर हजारांत. लग्नाच्या पंगतीत आमटी तेवढीच आणि पानं दहापट झाली तर जे होतं ते. शंभरांत वाटलेलं पाणी जाड थेंब बनतं, ते एकमेकांवर आदळतात, मिळून खाली येतात. पावसाच्या एका थेंबाला ढगातले दहा लाख थेंब लागतात. हजारांत वाटलेलं पाणी बारीक राहतं, ढग पांढराशुभ्र दिसतो, जास्त ऊन परत पाठवतो आणि पुष्कळदा न बरसताच पुढे जातो. पण ढग खूप खोल असेल, पाणी भरपूर असेल, तर गणित बदलतं, त्यामुळे हा नियम सरसकट लावता येत नाही.

कण मोजायचं पहिलं चांगलं यंत्र स्कॉटलंडच्या जॉन एटकिनने १८८० च्या दशकात बनवलं. डबीत ओलसर हवा घ्यायची, ती झटकन फैलावू द्यायची, गारव्याने प्रत्येक कणावर थेंब धरतो, ते थेंब काचेवर पडले की मोजायचे. पुढे १८९४ साली सी. टी. आर. विल्सन नावाचा तरुण बेन नेव्हिस डोंगरावरच्या वेधशाळेत दोन आठवडे राहिला. तिथे त्याने ढगावर पडलेल्या सावलीभोवती अशीच कडी पाहिली आणि ती खोलीत बनवून बघायच्या ध्यासाने एटकिनच्याच वाटेने ढगपेटी तयार केली. त्या पेटीत पुढे अणूच्या आतल्या कणांचे माग दिसले आणि १९२७ साली विल्सनला नोबेल मिळालं. साइक्सने कोकणकड्यावर जे पाहिलं, तेच पाहून दुसऱ्या एका माणसाने दुसऱ्या एका डोंगरावरून भौतिकशास्त्राचं दार उघडलं. आमच्या शाळांत विल्सनची ढगपेटी शिकवतात तेव्हा कोकणकडा शिकवायला हवा, असं मला फार वाटतं.

आता पुण्याकडे येतो. भारतीय हवामान खात्याचं मुख्य काम सिमल्याहून पुण्याला आलं १९२८ साली. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला लोक अजून सिमला ऑफिसच म्हणतात. १९६२ साली उष्णदेशीय हवामानाच्या संशोधनासाठी पुण्यात वेगळी संस्था निघाली. १९७१ साली ती स्वायत्त झाली. हीच आजची पाषाणची आयआयटीएम. या संस्थेने मिठाचा जो प्रयोग केला त्याची बातमी मी कचेरीत ऐकली तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आजीच्या पोत्यात आणि शास्त्रात एकच गोष्ट चालू आहे.

सह्याद्रीच्या पूर्वेला पावसाची सावली पडते. आहुप्याला आषाढात दिवसांमागून दिवस झड लागते, त्याच वेळी शिरूरकडे लोक आभाळाकडे बघत बसतात. ढग तिथेही जातात, बरसत नाहीत. तिथल्या थेंबांना जाड होण्यासाठी कुणीतरी पुढारी हवा, आणि मिठाचा जाडसर कण हा असा पुढारी. तो इतरांआधी मोठा थेंब बनतो आणि खाली येताना बारक्यांना गोळा करतो. १९७३ पासून १९८६ पर्यंत, मधली काही वर्षं सोडून अकरा पावसाळे, डीसी-३ जातीचं विमान पुण्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यावर जाऊन ढगात मिठाची पूड सोडत होतं. मीठ गोळे धरू नये म्हणून त्यात शंखजिऱ्याची पूड मिसळलेली असे. ओट्यावरच्या पोत्याची तीच अडचण विमानातही होती. दोन विभाग पाडले होते, मध्ये मोकळा पट्टा. कुठल्या दिवशी कुठल्या विभागावर मीठ टाकायचं हे चिठ्ठीने ठरे, म्हणजे मनाचा कल आड येऊ नये. १६० दिवसांचा हिशेब लागला आणि पाऊस सरासरी २४ टक्क्यांनी वाढला असा निष्कर्ष निघाला. पुढे जगभर अशा प्रयोगांवर वाद झाले, अजून चालू आहेत. पण चिठ्ठ्या टाकून, अकरा पावसाळे चिकाटीने केलेलं ते काम मला आदरणीय वाटतं.

आजी तेव्हा हयात होती. तिला सांगितलं, विमानातून मीठ टाकतात. आमच्या घरी मीठ सांडणं मोठं पातक. सांडलेलं मीठ मेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं, हे आम्हा मुलांना पाठ होतं. दिवेलागणीनंतर ती कुणाला मीठ देतही नसे. ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिने एवढंच विचारलं, "पडला का पाऊस?"

तर मीठ घाट चढतं ते दोन वाटांनी. एक माणसाच्या डोक्यावरून, दुसरी वाऱ्याच्या. समुद्रावर लाट फुटते, फेस होतो, फेसातला प्रत्येक बुडबुडा फुटताना खाऱ्या पाण्याचे बारीक तुषार उडवतो. ते सुकले की मिठाचे कण हवेत राहतात. वारा जोराचा तितके कण जास्त. आमच्या पावसाच्या पाण्यात किनाऱ्याकडून आलेलं मीठ असतंच, कोकणात जास्त, घाटाच्या आत कमी कमी होत गेलेलं.

इथवर समाधान झालं होतं. मग एका साध्या शंकेने ते मोडलं. आमच्या ढगात मीठ किती आणि आमचा धूर किती? मंचरच्या बाजारपेठेचा, वीटभट्ट्यांचा, ट्रकांचा धूर. आणि त्याच्या आधीचाही. आमच्या डांगाणात भातरोपांसाठी राब भाजतात. उन्हाळ्यात शेतात पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून जाळायच्या, मग त्या राखेत पावसाच्या तोंडावर भात फेकायचं. एप्रिल-मेमध्ये आहुप्याच्या खोऱ्यात संध्याकाळी निळा धूर तळ्यासारखा साचलेला असतो. ही चाल फार जुनी आहे. साइक्सने पाहिलेल्या ढगाच्या आधीही त्या डोंगरात राब भाजले जात होते. मग माणसाचा हात लागायच्या आधीचा ढग कसा होता? ढगाला दफ्तर नाही. नाणेघाटाचा लेख दोन हजार वर्षं टिकला, त्या दिवशी घाटावर असलेला ढग दुपारपर्यंतही टिकला नाही.

याचं उत्तर घाटात मिळत नाही. ते दक्षिण ध्रुवाजवळच्या समुद्रावर मिळतं. आमच्या ढगाचा जुना इतिहास वाचायचा तर तिथे जावं लागतं, हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

आपला मोसमी वारा मुळात दक्षिण गोलार्धातला. मॉरिशसच्या पलीकडे, तिसाव्या अक्षांशाच्या आसपास हवेच्या उच्च दाबाचं क्षेत्र असतं. तिथून वारा निघतो, विषुववृत्त ओलांडतो, सोमालियाच्या किनाऱ्याजवळ वळतो आणि अरबी समुद्रावरून सह्याद्रीवर येऊन धडकतो. वाटेत पाऊस कण धुऊन काढतो, नवे कण मिसळतात, म्हणून तिकडचाच कण इकडे येतो असं म्हणता येत नाही. पण त्या क्षेत्राच्याही दक्षिणेला, अंटार्क्टिकाभोवती, असा समुद्र आहे की जिथे जमीन नाही, गाव नाही, चूल नाही. उन्हाळ्यातही तिथल्या हवेत जे कण असतात ते बहुतेक समुद्राने आणि त्यातल्या जीवांनी दिलेले. यंत्रयुगाच्या आधी पृथ्वीवरच्या बऱ्याच समुद्रांवर असा ढग असणार. आज त्याचा नमुना मुख्यतः तिथे उरला आहे.

तिथे मीठ आहेच, आणि गंधक आहे. समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती एक गंधकयुक्त वायू सोडतात, डायमिथाइल सल्फाइड. समुद्राचा म्हणून जो वास आपण ओळखतो त्यात याचा वाटा आहे. हवेत गेल्यावर त्याचे आम्ल होऊन बारीक कण बनतात आणि त्या कणांवर ढग धरतो. १९८७ साली चार्ल्सन, लव्हलॉक, आंद्रे आणि वॉरन या चौघांनी 'नेचर'मध्ये मांडलं की समुद्र तापला तर या वनस्पती जास्त वायू सोडतील, ढग पांढरे होतील आणि समुद्र पुन्हा निवेल, म्हणजे शेवाळ आपलं आपण छत्री उघडतं. कल्पना विलक्षण सुंदर होती. २०११ साली क्विन आणि बेट्स यांनी त्याच नियतकालिकात दाखवून दिलं की इतका सरळ हिशेब लागत नाही. फेसातून येणारं मीठ आणि सेंद्रिय द्रव्य, वरच्या थरातून उतरणारे कण, यांचाही वाटा मोठा. पण टास्मानियाच्या केप ग्रिमवर १९७६ पासून हवा मोजतात, आणि तिथे उन्हाळ्यात हा वायूही वाढतो, ढगाला लागणारे कणही वाढतात, हे वर्षानुवर्षं दिसलेलं आहे. माझ्या मते मूळ कल्पनेतलं हे इतकं उरलं तरी ते थोडं नाही.

आणि पेंग्विन. २०२३ च्या उन्हाळ्यात अंटार्क्टिकाच्या मरांबियो तळाजवळ मोजमापं झाली. साठेक हजार अॅडेली पेंग्विनांच्या वसाहतीवरून वारा आला की हवेतला अमोनिया वाढे, त्यांच्या विष्ठेतला. अमोनिया गंधकाच्या आम्लाला धरतो आणि नवे कण भराभर जन्मतात, त्यातून धुकं दाटलेलंही दिसलं. आमच्या गोठ्यातल्या शेणमुताच्या वासातही हाच अमोनिया. ढगाच्या वंशावळीत शेणाला जागा आहे, हे आमच्या आजीला सांगायचं राहून गेलं.

दक्षिण ध्रुवाजवळच्या या ढगांची दुसरी खोड अशी की ते सहजी गोठत नाहीत. शून्याखाली दहा, कधी वीस अंश गेलं तरी थेंब पाणीच राहतं. पाण्याला बर्फ व्हायलाही कण लागतो, आणि तो वेगळ्या जातीचा, मातीच्या धुळीसारखा. त्या समुद्रावर धूळ फारशी पोचत नाही. हवामानाच्या संगणकी प्रतिमानांनी बरीच वर्षं या ढगांत बर्फ धरला होता. बर्फाचे ढग विरळ पडतात, त्यामुळे प्रतिमानात समुद्रावर खऱ्यापेक्षा जास्त ऊन उतरत होतं. मूठभर धुळीच्या अभावाने सगळ्या पृथ्वीचा हिशेब चुकत होता.

आपली माणसं तिथे गेली गोव्यातून. ६ डिसेंबर १९८१ ला डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली एकवीस जण 'पोलर सर्कल' जहाजाने निघाले आणि ९ जानेवारी १९८२ ला अंटार्क्टिकावर उतरले. आधी दक्षिण गंगोत्री, १९८९ ला मैत्री, २०१२ ला भारती अशी ठाणी झाली. वास्कोला ध्रुवीय संशोधनाचं केंद्र आहे. आयआयटीएमचे शास्त्रज्ञ, त्यांत ए. के. कामरा, सी. जी. देशपांडे आणि त्यांचे सहकारी, मैत्रीवर हवेतले कण आणि हवेची वीज मोजून आले. २००४ साली 'सागर कन्या' जहाज ५६ अंश दक्षिणेपर्यंत गेलं, तेव्हा वारा वाढला की कण किती वाढतात हे वाटेवर मोजलं गेलं. ज्या संस्थेने शिरूरकडच्या ढगात मीठ टाकून पाहिलं, तिथलीच माणसं समुद्र स्वतः किती मीठ टाकतो हे बघायला जगाच्या टोकाला गेली. मला हा प्रवास नाणेघाटातल्या तांड्यांइतकाच मोलाचा वाटतो, आणि मराठीत त्याची कहाणी कुणी सविस्तर लिहिलेली नाही याचं दुःख होतं.

त्या मोजमापांची गरज केवढी, तर २०१३ साली कार्सलॉ आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला. १७५० पासून माणसाच्या धुराने ढग किती बदलले हे सांगताना जी अनिश्चितता राहते, तिच्यातला ४५ टक्के भाग नैसर्गिक कणांबद्दलच्या अज्ञानाचा आहे, समुद्रफेस, शेवाळाचं गंधक, ज्वालामुखी, वणवे वगैरे. माणसाच्या धुराबद्दलच्या अज्ञानाचा त्याहून कमी, ३४ टक्के. कोऱ्या कागदाचा रंगच नक्की ठाऊक नसेल तर त्यावर डाग किती गडद पडला हे कसं सांगणार?

घाटातही आता मोजणं सुरू झालं आहे. महाबळेश्वरला २०१२ पासून आयआयटीएमची उंचावरची ढगप्रयोगशाळा आहे. तिथे पावसाळ्यात ढगच खिडकीतून आत येतो आणि यंत्रं थेंब आणि कण मोजत राहतात. आमच्या तालुक्यात पाऊस आता स्वयंचलित यंत्रांवर लिहिला जातो. ३० जुलै २०१४ ला माळीण गाव डोंगराखाली गेलं, दीडशेहून जास्त माणसं गेली. त्यानंतर पावसाच्या आकड्याकडे कुणी सहज बघत नाही. मीही बघत नाही. तोवर मी निवृत्त झालो होतो, तरी त्या आठवड्यात रोज साडेआठला उठून उभा राहत होतो.

साइक्सने जे केलं नाही ते मी १९९१ नंतर करत आलो. कोकणकड्यावर किंवा आहुप्याच्या कड्यावर इंद्रवज्र दिसलं की हात ताठ लांब करायचा, एक डोळा मिटायचा आणि तांबड्या कड्याची रुंदी बोटांनी मापायची. आजवर नऊ वेळा जमलं. बहुतेकदा तीन बोटं भरली, दोनदा चार, आणि एकदा जवळजवळ मूठ. मूठ भरली त्या सकाळी खाली मुरबाडकडे धुरकट थर दिसत होता, असं मी कंसात लिहून ठेवलं आहे. नऊ नोंदींवरून काही ठरत नाही. शेजारी दुसरा रकाना आहे, त्या वर्षी घरातल्या मडक्यातल्या मिठाला पाणी कधी सुटलं त्याचा. गुडघे आता खिरेश्वरची चढण घेऊ देत नाहीत, म्हणून गेल्या भाद्रपदात वही नातीच्या पिशवीत दिली. तिची बोटं माझ्याहून बारीक आहेत. तिने आधी आपला हात लांब करून बोटांची जाडी पट्टीने मोजली, डोळ्यापासून पंजापर्यंतचं अंतर मोजलं, आणि दोन्ही आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहूनच निघाली.